नानांचा गुलाबी पास

"रेल्वेवाल्यांचं काय बाई, फुकट फिरतात!" लग्न होऊन नाशिकला आल्यापासून हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण मला ते लागतं. माझे वडील, आमचे नाना, भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. आमच्या घरात पास कसा यायचा, कसा जपला जायचा आणि त्यासाठी कोण काय मोजायचं, हे मी लहानपणापासून बघितलं आहे. म्हणून एकदा नीट लिहायला बसले.

आधी हिशेब सांगते, कारण तोच बहुतेकांना माहीत नसतो. रेल्वेतला माणूस मनात येईल तेव्हा, मनात येईल त्या गाडीत चढतो असा एक समज आहे. नानांसारख्या तृतीय श्रेणीतल्या कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या ५ वर्षांत वर्षाला पासचा १ सेट मिळतो. ५ वर्षं झाली की ३. एका सेटमध्ये जाणं आणि येणं. एकाच बाजूचा हवा असेल तर हाफ सेट. त्याखेरीज वर्षाला ४ पीटीओ, म्हणजे सवलतीच्या तिकिटाचे आदेश. पीटीओवर तिकीट काढावंच लागतं, फक्त भाडं एक तृतीयांश पडतं. ६०० रुपयांच्या जागी २००, आरक्षणाचे पैसे वेगळे. राजपत्रित अधिकाऱ्यांना पासचे ६ सेट. हे सगळं १९८६च्या पास नियमांत लिहिलेलं आहे. वर्ष मोजायचं जानेवारी ते डिसेंबर. न काढलेला सेट ३१ डिसेंबरला बुडाला. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पास सेक्शनसमोर ही गर्दी असायची. कुठं जायचं ते नक्की ठरलेलं नसलं तरी लोक सेट काढून ठेवायचे, कारण काढलेला पास पुढे त्याच्या मुदतीत वापरता येतो.

आणि पास हातात आला म्हणजे बर्थ मिळाला असं नाही. रिझर्व्हेशनच्या रांगेत रेल्वेवाल्यालाही उभं राहावं लागतं आणि वेटिंग लागलं तर लागलंच. शिवाय रजा हवी. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत गाड्या वाढतात, गाड्या वाढल्या की इंजिनं वाढतात, इंजिनं वाढली की शेडमधल्या माणसाची रजा नामंजूर होते. आमच्या शाळेला सुट्टी लागायची नेमकी तेव्हाच नानांना सुट्टी मिळायची नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई माहेरी जायची तीही आम्हा भावंडांना घेऊन एकटीच. कर्मचारी सोबत नसला तरी कुटुंबाला पासवर प्रवास करता येतो, म्हणून निदान ते तरी जमायचं. स्टेशनवर सोडायला नाना शेडच्या कपड्यांतच यायचे, हाताला ग्रीसचा वास असायचा, आणि गाडी हलली की तसेच परत ड्यूटीवर.

म्हणून मी पासला पगाराचाच भाग मानते. रात्रपाळ्या, सणासुदीच्या ड्यूट्या, मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हात तापलेल्या लोखंडाखाली शिरून केलेलं काम, याचा काही मोबदला रोखीत मिळायचा आणि काही पासच्या रूपात. जो मोबदला आहे त्याला फुकट म्हणू नये.

पास तेव्हा कागदाचा असायचा. साहेब लोकांचा पांढरा, वरच्या पगाराच्या लोकांचा हिरवा आणि सेकंड क्लासचा गुलाबी. आमचा गुलाबी. पास क्लार्क कार्बन घालून लिहायचा: कुठून, कुठे, कोणत्या मार्गे, कोण कोण, मुलांची वयं. वाटेत उतरायचं असेल तर ब्रेक जर्नीची स्टेशनंही लिहून घ्यायची. प्रवास सुरू करण्याआधी तारीख शाईनं पासवर टाकायची, हा नियम नाना कधीही विसरायचे नाहीत. घरातून निघताना सामान बांधून दारात आलं की ते चष्मा लावून पाटावर बसायचे आणि तारीख लिहायचे, मगच कुलूप लागायचं. टीसी आला की पास आणि ओळखपत्र एकत्र पुढे करायचे. स्वतः रेल्वेत असूनही त्यांनी टीसीशी कधी ओळख सांगितली नाही. कागद बरोबर असेल तर ओळख लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता आजोबांचं सांगते, कारण या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट ती आहे.

पास नियमांत कुटुंबाची व्याख्या दिलेली आहे. बायको किंवा नवरा. मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत, पुढे शिकत असेल तर कॉलेजचं बोनाफाइड लावून. मुलगी लग्न होईपर्यंत, मग ती कितीही वयाची असो आणि कमावती असो वा नसो. याशिवाय अवलंबून असलेले नातेवाईक, पण त्यांच्यासाठी एक अट आहे: कर्मचाऱ्याचे वडील हयात नसावेत. वडील नसतील तर विधवा आई, अविवाहित किंवा विधवा बहीण, लहान भाऊ यांची नावं घालता येतात. म्हणजे ज्या बापानं मुलाला वाढवून नोकरीला लावलं, त्या बापाला मुलाच्या पासवर जागाच नाही. आणि तो जिवंत आहे तोवर त्याच्या बायकोलाही नाही.

आजोबांची सावद्याकडे थोडी शेती होती, ती वाटण्यांत आणि कर्जात गेली. शेवटची वर्षं ते आणि आजी आमच्या क्वार्टरमध्ये, नानांच्या पगारावरच होते. आजोबांना काशीला जायची फार इच्छा होती. काशी एक्सप्रेस भुसावळवरून जाते, तिची वेळ त्यांना पाठ होती. सगळ्यांची तिकिटं काढून जाण्याइतके पैसे नव्हते. एकट्यांना पाठवायचं तर तब्येत नव्हती. "पुढच्या वर्षी बघू" असं करता करता आजोबा गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी नानांनी पास डिक्लरेशनमध्ये आजीचं नाव घातलं. अर्जासोबत आजोबांच्या मृत्यूचा दाखला जोडला. आणि आजी काशीला गेली, आमच्यासोबत, गुलाबी पासवर. जाताना जबलपूरला ब्रेक जर्नी घेऊन आम्ही भेडाघाट बघितला. आजी नर्मदेत पाय सोडून बसली आणि म्हणाली, "यांना घेऊन यायला पाहिजे होतं रे." नाना काही बोलले नाहीत. परत आल्यावर मात्र युनियनच्या ऑफिसात जाऊन भांडून आले. आई-वडील दोघांनाही पासमध्ये घ्या ही मागणी कर्मचारी संघटना करत आल्या आहेत आणि मला ती पूर्णपणे रास्त वाटते. अवलंबून असण्याची उत्पन्नाची अट हवी तर ठेवा, ती आजही आहेच. पण बाप जिवंत असणं ही अपात्रता कशी असू शकते?

काशीची गंगा गडूत आणली होती, ती रामेश्वराला वाहायची म्हणून पुढचा सेट रामेश्वरचा. भुसावळहून नवजीवन एक्सप्रेसनं मद्रास सेंट्रल, तिथून सामान उचलून एग्मोर स्टेशन आणि तिथून पुढे मीटर गेजची छोटी गाडी. तेव्हा ती लाइन ब्रॉडगेज झाली नव्हती. पांबनच्या पुलावर गाडी अगदी माणसाच्या चालीनं चालली होती आणि खाली दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. आजीनं डोळे मिटून गडू छातीशी धरला होता. नाना मात्र खिडकीतून वाकून पुलाच्या गर्डरकडे बघत होते आणि १९१४ सालचा पूल आहे म्हणून आम्हाला सांगत होते. त्या जुन्या पुलाशेजारी आता नवा पूल झाला, एप्रिल २०२५मध्ये तो सुरू झाला. बातमी बघताना आईनं टीव्हीचा आवाज मोठा करायला लावला.

पासवरचा प्रवास म्हणजे चैन, असंही कुणाला वाटू नये. भाडं नव्हतं, पण बाकी सगळ्याला पैसे लागायचे आणि ते मोजकेच असायचे. आई निघण्याच्या आदल्या रात्री दशम्या करायची, दुधात भिजवलेल्या, दोन-तीन दिवस टिकणाऱ्या. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा. घरचं पाणी फिरकीच्या तांब्यात. मुक्काम धर्मशाळेत, नाहीतर रेल्वेच्या हॉलिडे होममध्ये मिळाला तर. वेटिंग रूममध्ये चादरी अंथरून काढलेल्या रात्रीही आठवतात. आमच्या बिगररेल्वे नातेवाइकांची मुलं तेव्हा जळगावच्या पुढे गेलेली नव्हती आणि मी, एका फिटरची मुलगी, झेलमनं जम्मूपर्यंत जाऊन आले होते. हिंदी मी शाळेत कमी आणि खंडवा, इटारसी, झाशीच्या फलाटांवर जास्त शिकले. आज मी शाळेत भूगोल शिकवते. विंध्य, सातपुडा, नर्मदा, चंबळ शिकवताना मला पुस्तक लागत नाही.

लग्न ठरलं तेव्हा घरात सगळी गडबड होती. त्यात एके दिवशी नाना ऑफिसमधून आले आणि आईला म्हणाले, "पोरीचं नाव आता पासातून काढावं लागेल." नियमच तो. लग्न झालं की मुलगी कुटुंबातून बाहेर. मला रडू आलं ते पाठवणीच्या वेळी आलं नसेल इतकं. लग्नाआधी एक हाफ सेट शिल्लक होता, तो नानांनी मुद्दाम माझ्यासाठी काढला आणि आम्ही दोघंच, नाना आणि मी, पंढरपूरला जाऊन आलो. विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवून झाल्यावर चंद्रभागेच्या वाळवंटात बसून त्यांनी मला नोकरी सोडायची नाही एवढं एकच सांगितलं. मी सोडली नाही.

निवृत्तीनंतरही पास मिळतो, २५ वर्षांहून जास्त नोकरी झालेल्या तृतीय श्रेणीच्या माणसाला वर्षाला २ सेट. पण त्यात एक कडक अट आहे आणि ती नव्या निवृत्तांना सांगायला हवी. क्वार्टर वेळेत सोडलं नाही तर मुदतीनंतरच्या दर महिन्याला पासचा १ सेट कापला जातो. आमच्या शेजारच्या काकांचं स्वतःचं घर बांधून व्हायचं होतं, म्हणून त्यांनी क्वार्टर ठेवलं. घर लांबलं, महिने वाढत गेले आणि काकांचे पुढच्या कित्येक वर्षांचे पास गेले. मुलगी बंगळुरूला, नातू झालेला, आणि काका-काकूंना जायला पास नाही. नानांनी ते बघून निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच भाड्याच्या घराचा शोध सुरू केला होता.

नाना आजारी पडले तेव्हा भुसावळच्या रेल्वे हॉस्पिटलमधून भायखळ्याला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर रेल्वे रुग्णालयात पाठवलं. त्या प्रवासाचा पासही रेल्वेनंच दिला, सोबतीच्या माणसासकट. ज्या व्हीटीला आम्ही लहानपणी राणीची बाग बघायला उतरलो होतो, तिथं आता मी त्यांना हात धरून उतरवत होते. ते फलाटावर थांबले, इंजिनाकडे बघितलं, नंबर वाचला आणि म्हणाले, "हे आपल्या शेडचं आहे." त्यांच्या आवाजात दुखणं नव्हतं त्या वेळी.

ते गेल्यावर आईला विधवा पास सुरू झाला. नवऱ्याला जेवढे सेट मिळाले असते त्याच्या निम्मे, म्हणजे आईला वर्षाला १ सेट. ही सोय १९८७मध्ये आली. तोवर कर्मचारी गेला की घरच्यांचा पासही संपायचा. चतुर्थ श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांच्या कितीतरी विधवांना तर एक वर्षाआड एकच सेट मिळतो. माझं मत विचाराल तर हा निम्म्याचा हिशेब चुकीचा आहे. क्वार्टरमध्ये संसार केलेल्या, शिफ्टप्रमाणे रात्री दोन वाजता उठून डबे करून दिलेल्या बाईनं निम्मी नोकरी केली नव्हती.

आता पास कागदाचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२०पासून एचआरएमएसवर, म्हणजे रेल्वेच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन यंत्रणेवर, ई-पास निघतो. क्लार्कपुढे उभं राहायला नको, एक नंबर येतो, मोबाइलवर ओटीपी येतो, त्यावर आयआरसीटीसीवर घरबसल्या बुकिंग होतं. मला हा बदल मनापासून चांगला वाटतो. एका पाससाठी दिवस मोडून भुसावळला जावं लागायचं ते वाचलं. पण आईसारख्यांचं काय होतं ते बघा. नोंदीत मोबाइल नंबर नानांचा, जो बंद झालेला. तो बदलून घ्यायला आम्हाला बराच काळ लागला. आमची फाइल हाताळणाऱ्या क्लार्कबाई भल्या होत्या, त्यांनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, पण नियमाला त्या तरी काय करणार. आता नंबर माझा आहे. ओटीपी आला की मी वर्गाबाहेर जाऊन आईला सांगते, आणि आई तो आकडा पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणून दाखवते.

मी पासवर नाही, म्हणून आई पासवर आणि मी तिकिटावर. दोघींचे पीएनआर वेगळे. ती एस-३मध्ये, मी एस-७मध्ये असं बऱ्याचदा होतं. मग टीसीला विनंती, सहप्रवाशाला विनंती. ६० दिवस आधी बुकिंग उघडतं त्या सकाळी मी दोन फोन घेऊन बसते. माझा भाऊ तर २१ झाल्यावर आणि डिप्लोमा संपल्यावर केव्हाच बाहेर पडला. आईच्या सोबतीला कुणीतरी कुटुंबातलं सवलतीत जाऊ शकलं, तर अशा कितीतरी म्हाताऱ्या बाया घराबाहेर पडतील.

इथे मला माझ्या सासूबाईंचं लिहिलंच पाहिजे. त्यांचा रेल्वेशी काही संबंध नाही, सासरे गिरणीत होते. पण दर वर्षी त्या लेकीकडे नागपूरला जायच्या, सेवाग्राम एक्सप्रेसनं, ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीत. ५८ वर्षांपुढच्या बायकांना निम्मं भाडं, ६० वर्षांपुढच्या पुरुषांना ४० टक्के सूट. २० मार्च २०२०ला कोविडमुळे ती थांबवली आणि पुढे गाड्या पूर्ववत झाल्या तरी ती परत आली नाही. दिव्यांगांच्या, काही आजारांच्या रुग्णांच्या आणि विद्यार्थ्यांच्या सवलती चालू राहिल्या. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत आजही भाडं माफ आहे, परळच्या टाटा हॉस्पिटलला येणाऱ्या किती कुटुंबांना त्याचा आधार असतो. पण साध्या म्हाताऱ्या माणसाला काही नाही. सासूबाई पैशावाचून अडल्या नाहीत, आम्ही तिकीट काढून देतोच. तरी त्यांचं जाणं कमी झालं. "तुमच्यावर कशाला खर्च" म्हणतात. पूर्वी त्या स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून जायच्या, कुणाला न विचारता. सवलत गेली म्हणजे नेमकं काय गेलं ते मला त्यांच्याकडे बघून कळलं.

तोट्याचं कारण सांगितलं जातं. तिकिटावर छापलेलंच असतं की रेल्वे प्रवासाच्या खर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल करते. ते खरं असेल तर रेल्वेत बसलेला प्रत्येक जण सवलतीतच प्रवास करतो आहे, पासवाला आणि बिनपासवाला. मग फुकट फिरण्याचा ठपका एकट्या गँगमनच्या, फिटरच्या, पॉइंट्समनच्या घरावर का? आणि सवलत द्यायचीच आहे तर सत्तरीच्या बाईला देण्यात कुणाची हरकत असावी?

एक बदल रेल्वेनं केला तो चांगला आहे. २०१८पासून कर्मचाऱ्याला ४ वर्षांतून एकदा त्या वर्षीचे पास सोडून भारतभराची एलटीसी, म्हणजे सरकारी प्रवास सवलत, घेता येते. आमच्या चाळीतल्या एका मुलानं, जो आता नाशिकरोडला नोकरीत आहे, त्यावर आपल्या घरच्यांना अंदमानला नेलं. रुळ नाहीत तिथंही रेल्वेवाल्याचं कुटुंब पोचलं याचा मला आनंद झाला.

शेवटी एक कामाची गोष्ट, आणि खरं तर त्यासाठीच मी हे लिहायला घेतलं. तुमच्या ओळखीत रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाची विधवा असेल तर तिला विचारा, पास घेते का. अनेक जणी घेत नाहीत. कुणाला माहीत नसतं, कुणाच्या मुलांना वेळ नसतो, कुणाला वाटतं की नवरा गेला तेव्हा सगळं संपलं. नवरा ज्या विभागातून निवृत्त झाला तिथल्या कार्मिक शाखेत, म्हणजे पर्सोनेल ब्रँचमध्ये चौकशी करायची. पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची प्रत, मृत्यूचा दाखला, फोटो, आधार आणि चालू मोबाइल नंबर घेऊन जा. नोंद एकदा नीट झाली की पुढे दर वर्षी जावं लागत नाही. आमच्या सोसायटीत दोन इमारती पलीकडे मनमाडच्या एका गार्डच्या पत्नी राहतात, त्यांची नोंद गेल्या दिवाळीत झाली. मी आणि त्यांची सून मिळून बुकिंग केलं. त्या द्वारकेला जाऊन आल्या आणि आता या वर्षीच्या सेटवर पुरी करायचं म्हणतात. आईलाही पुरीच हवी आहे. दोघींचं एकाच तारखेला जमतं का ते बघायचं आहे.